डबा की पंगत?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, दत्तजयंतीच्या अंकात भक्तीचं लिहावं, ही रीत. मी आज माझी एक चूक लिहिणार आहे. तीही महाप्रसादाच्या पंगतीतली.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठचं. मार्गशीर्षात धानाची कापणी, मळणी आटोपत आलेली असते. घरोघरचे नवे तांदूळ गोळा होतात आणि पौर्णिमेला दत्ताच्या पारावर पंगत बसते. एका वर्षी वाढण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. गावातल्या एका बाईचा नवरा बाहेरगावी मजुरीला होता, तो आजारी होऊन परत आला आणि गेला. कशाने गेला, हे गावाने कुजबुजीतच ठरवून टाकलं. बाई, तिचा सहा-सात वर्षांचा मुलगा, दोघांवरही तोच शिक्का. त्यांना कुणी विचारलं नाही, कुणी दाखला पाहिला नाही.

ती पोराला घेऊन पंगतीकडे आली तशी दोन-चार जणांची चुळबुळ सुरू झाली. तमाशा नको म्हणून मी पुढे झालो, भरलेला डबा तिच्या हाती दिला. म्हटलं, "बाई, घरी निवांत जेवा." मला वाटलं, मी तिची लाज राखली. ती हळूच म्हणाली, "डबा नको जी काकाजी. घरी भात आहे. पोराले पंगतीत बसाचं होतं."

आणि ती गेली. डबा माझ्याच हातात राहिला.

तेव्हापासून एकच प्रश्न मनात घोळतो. मी केलं ती दया होती की बहिष्कार? उपाशी कुणी राहिलं नाही, वाईट शब्द कुणी बोललं नाही. मग चुकलं काय?

आधी भीतीचं बोलू. एच.आय.व्ही. एका ताटात जेवल्याने, एका माठातलं पाणी प्यायल्याने, हात धरल्याने होत नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकारी दवाखान्यांतून त्याची औषधं मोफत मिळू लागली. ती रोज नेमाने घेणारा माणूस कामधंदा करतो, संसार करतो. गरोदर बाईला उपचारच मिळाले नाहीत तर १०० पैकी १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. औषधं वेळेवर मिळाली तर हे प्रमाण ५ च्या खाली येतं. म्हणजे भीतीला आता आधार उरला नाही. उरली ती सवय.

पण कुणी म्हणेल, अशांसाठी आश्रम आहेत ना? आहेत, आणि त्यांना नमस्कारच केला पाहिजे. २००१ साली पंढरपूरजवळच्या एका गावात आईबाप एड्सने गेलेल्या दोन चिमुकल्या मुली गोठ्यात ठेवलेल्या आढळल्या. नातलग घ्यायला तयार नव्हते. मंगलताई शहा आणि त्यांची कन्या डिंपल घाडगे यांनी त्या मुलींना घरी आणलं. त्यातूनच 'पालवी' उभी राहिली. लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी 'सेवालय' उभं केलं. पण तिथलीच मुलं २००९ साली गावच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा इतर पालकांनी आपापली मुलं शाळेतून काढून घेतली. आश्रमाने छप्पर दिलं, अन्न दिलं, माया दिली. वर्गातल्या शेजारच्या बाकावरचा सोबती तो कुठून आणणार? तो गावानेच द्यायचा असतो.

आता दुसरी बाजू. गावाने आधार द्यायचा तर गावाला कळायला नको का? इथेच आपण घसरतो. २०१७ चा एच.आय.व्ही. आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माणसाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायची नाही, भेदभाव करायचा नाही, बाधित स्त्रीला आणि १८ वर्षांखालच्या मुलाला राहत्या घरातून काढायचं नाही, असं तो सांगतो. आधार देणं म्हणजे चौकशी करणं नव्हे. धानाच्या कामावर तिला बोलवा, मजुरी सारखी द्या. दवाखान्याच्या दिवशी पोराला आपल्या ओसरीवर बसवा, "कुठं चालली?" विचारू नका. सासरचे शेतातला हिस्सा नाकारत असतील तर चार शहाणी माणसं तिच्या बाजूने बसा. यातल्या एकाही गोष्टीला तिचा आजार माहीत असावा लागत नाही.

आपल्या दैवताचंच पाहा ना. दत्तप्रभू रोज भिक्षा मागतात. भिक्षेत एका घरावर भार पडत नाही, अन् कुठलं घर वगळलंही जात नाही. चार कुत्री पायाशी आहेत, त्यांना कुणी हाकललेलं नाही. अवधूताने चोवीस गुरू केले, त्यात पिंगला नावाची वेश्याही आहे. तिचा पूर्वेतिहास त्याने आड येऊ दिला नाही. गुरुचरित्रात कोड फुटलेला नरहरी गाणगापुरी येतो. श्रीगुरू त्याला औदुंबराचं वाळलेलं लाकूड देऊन संगमावर रोवायला, रोज पाणी घालायला सांगतात. लोक हसतात, वाळक्या लाकडाला पाणी कशाला म्हणून. त्याचं कोड गेलं हा श्रीगुरूंचा महिमा, तो आपल्या हातचा नाही. पण हसणाऱ्यांत उभं राहायचं की पाण्याचा तांब्या उचलायचा, हे आपल्या हातचं आहे.

आणि अनसूयामाता! असूया म्हणजे दुसऱ्याच्या गुणातही खोट काढणं. ती जिच्या ठायी नाही ती अनसूया. दारी आलेल्या तिघांना तिने बाळं करून मांडीवर घेतलं, भरवलं. तिने डबा बांधून दिला नाही, जवळ घेतलं.

माझी चूक मला इथे सापडली. मी अन्न दिलं आणि जागा काढून घेतली. प्रसाद म्हणजे नुसता भात-वरण नव्हे. शेजारी कोण बसलंय हे न विचारता बसणं, हाही प्रसादच. दोन-चार जणांची चुळबुळ मला सोसली नाही, म्हणून तिला सोसायला लावलं. त्या चौघांना मी म्हणू शकलो असतो, "तुमाले बसाचं नसन तर तुमीच डबा न्या जी." म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी मी तिच्या घरी आमंत्रण द्यायला गेलो. माफी मागितली. ती काही बोलली नाही, पण पौर्णिमेला आली. मी वाढणं दुसऱ्याकडे दिलं आणि पोराच्या शेजारी पानावर बसलो. पलीकडची दोन पानं बराच वेळ रिकामी होती. मग आमच्याच गल्लीतली एक म्हातारी आली, "सरका जी थोडं" म्हणाली आणि बसली.

एक पान अजून रिकामं होतं. तुमच्या गावच्या पंगतीत यंदा तसं पान दिसलं, तर तिथे तुम्ही बसा.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!