मौनाची संमती

अकोला जिल्ह्यातल्या एखाद्या गावी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की वडीलधारी मंडळी मारुतीच्या पारावर बसतात, मतांपायी धुऱ्याची जुनी भांडणे उकरली जाऊ नयेत म्हणून आपसांत नावे ठरवितात, आणि अर्जमाघारीची मुदत सरताच ‘गाव बिनविरोध झालं’ म्हणून गुलाल उधळला जातो. या एकोप्यात धर्मबुद्धीचा अंश नाही असे म्हणवत नाही. तथापि पारावर ज्याला जागाच नाही असा शेतमजूर घरी बसून ‘मले कोनं इचारलं?’ म्हणतो, तेव्हा त्याचे मौन कोणत्या खाती जमा धरावे?

सोव्हिएत रशियाने हा हिशेब सोपा केला होता. १२ डिसेंबर १९३७ च्या निवडणुकीत जागा तेथे एकच उमेदवार होता, आणि मतदान शेकडा ९६ हून अधिक झाल्याचे सरकारने जाहीर केले. पुढे रूढ झालेल्या रीतीप्रमाणे मतपत्रिका काहीही न खोडता पेटीत टाकली की रुकार झाला. नाव खोडावयाचे तर पडद्याआड जावे लागे, आणि जो आड गेला त्याचा नकार त्या जाण्यानेच उघड होई.

बुद्धाच्या भिक्षुसंघातही मौन म्हणजेच संमती. परंतु महत्त्वाच्या कार्यात प्रस्ताव मांडून त्याची घोषणा तीनदा होई, आणि एकाही भिक्षूने तोंड उघडले तर प्रस्ताव संमत होत नसे. वाद मिटेना तर शलाका म्हणजे काड्या वाटून मत घेत, प्रसंगी गुप्तपणे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानसभेत डॉ. आंबेडकरांनी या संघपद्धतीचे स्मरण करून दिले होते. संघातील मौनाला मोल होते, कारण बोलण्याची वाट तीनदा मोकळी ठेवलेली होती.

बिनविरोध गाव म्हणजे एकपक्षीय राज्य नव्हे; अर्ज भरण्यास कायद्याची आडकाठी नसते. पण ग्रामपंचायतीप्रमाणेच लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीतही, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ५३ व्या कलमान्वये, उमेदवार जागांइतकेच उरले की ते मतदानावाचून निर्वाचित ठरतात, आणि २०१३ साली मिळालेला ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा अधिकार तेथे निरुपयोगी होतो. २०२४ मध्ये सुरतेच्या लोकसभा जागेवर हेच घडले. म्हणून नाव एकच उरले तरी पेटी मांडावी, असे मला वाटते. तो खर्च सरकारी दप्तराला व्यर्थ वाटेल. परंतु ज्या गावाचा एकोपा खरा, त्याने नकाराच्या संधीला भिण्याचे कारण नाही, आणि जे भिते त्याच्या एकोप्याची खातरजमा करण्यास याहून चांगला उपाय नाही.