पळणाऱ्याच्या मागे धावावे काय?



गेल्या रविवारी वंदनेनंतर एका तरुण उपासकाने मला बाजूला घेतले. त्यांच्या संमतीनेच हे लिहितो आहे. साउथॉलजवळ त्यांच्या डोळ्यांदेखत एका मोटारीने सायकलस्वाराला उडवले आणि ती न थांबता निघून गेली. हे तिच्या मागे सुटले. मागच्या सीटवर लहान मुलगी. लाल सिग्नल तोडला, शाळेपुढचे झेब्रा क्रॉसिंग केव्हा ओलांडले ते आठवतही नाही. मोटार निसटली. परत येईपर्यंत जखमीला अँब्युलन्सने नेले होते. "काका, मी धम्माप्रमाणे वागलो का?"

मला एकदम उत्तर देववले नाही. अन्याय पाहून ज्याचे रक्त तापत नाही, त्याला आपण काय म्हणावे? बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये वैशालीच्या सेनापतीचा प्रश्न मुद्दाम घेतला आहे. अहिंसा म्हणजे गुन्हेगाराला मोकळे सोडणे नव्हे, हे तिथे स्पष्ट आहे. तेव्हा त्या चालकाला पकडले जावे ही इच्छा वाईट नाही.

पण अंगुलिमालाची कथा आठवा. लोक नको म्हणत असताना तथागत त्याच रस्त्याने गेले. म्हणजे त्यांनी हस्तक्षेप केलाच. मात्र ते पायी गेले, एकटे गेले. धोका होता तो त्यांच्या स्वतःच्या जिवाला. आपण दीड टनाची गाडी घेऊन पाठलाग करतो, तेव्हा धोका कोणाच्या वाट्याला येतो? झेब्रावरच्या पोराच्या, आणि मागे बसलेल्या आपल्या लेकीच्या.

आणि रस्त्यात पडलेला तो माणूस? आजारी भिक्खूला कोणी विचारत नव्हते, तेव्हा बुद्धांनी स्वतः त्याला धुतले, पुसले. आधी पडलेल्याजवळ जावे. गाडीचे हॅझार्ड लाइट लावावेत, ९९९ ला फोन करावा, धोका नसेल तर जखमीला हलवू नये, मोटारसायकलवाल्याचे हेल्मेट उगाच काढू नये. नंबर, रंग, कोणत्या दिशेने गेली, एवढे टिपून ठेवावे. डॅशकॅम असेल तर चित्रण पोलिसांना द्यावे. इथल्या १९८८ च्या रोड ट्रॅफिक अॅक्टनुसार अशा अपघातानंतर न थांबणे हाच गुन्हा आहे. त्याला शोधणे पोलिसांचे काम, त्यांना शोधता येईल एवढे हाती देणे आपले.

आता थोडे कडू बोलतो. आपल्यातले पुष्कळ जण पाठलागही करत नाहीत आणि थांबतही नाहीत. "व्हिसाचा प्रश्न आहे, पोलिसांचे लफडे नको." गावाकडे आपल्या माणसाला मारहाण झाली की साक्षीदार मिळत नाही म्हणून आपण हळहळतो. इथे साक्षीदार आपण असतो आणि काच वर करून निघून जातो. खोटे न बोलण्याचे शील घेतलेल्याला हे गप्प राहणे शोभते का?

त्या उपासकांना नंबरातली तीन अक्षरे आठवत होती. सोमवारी आम्ही दोघे पोलीस ठाण्यात जाऊन ती लिहून देऊन आलो. स्वतः सिग्नल तोडल्याचेही त्यांनी न विचारता सांगितले. सायकलस्वाराची तब्येत कशी आहे ते अजून कळलेले नाही. येत्या रविवारी मेत्ता भावनेत त्याला आठवू, आणि पळालेल्यालाही.

भवतु सब्ब मंगलं.