स्वप्नात दिलेले राज्य

अलिबाग, चौल, रेवदंडा या पट्ट्यातल्या देवळांत उत्सवाच्या दिवसांत कधी नारदीय कीर्तन होते आणि एखाद्या रात्री बुवा हरिश्चंद्राचे आख्यान लावतात. पूर्वरंग संपतो, बुक्का लागतो, बुवांच्या गळ्यात हार पडतो आणि उत्तररंगात अयोध्येचा राजा झोपी जातो. स्वप्नात एक ब्राह्मण येतो, राजा त्याला सगळे राज्य देऊन टाकतो आणि जागा होतो. पलंग तोच, मुकुट तोच, शेजारी तारामती. पण राज्य आता आपले नाही, हे राजाला पक्के ठाऊक असते.

अशा वेळी मांडवात आजीच्या मांडीवर पेंगुळलेले एखादे पोर हमखास विचारते, "आजी, स्वप्नातच दिलं ना? मग खरं कशाला द्यायचं?"

पोराचा प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही. साता समुद्रापलीकडे एका मालिकेने त्याचे, राजाच्या उलटे, उत्तर दिले होते. 'डॅलस' ही टेक्सासमधल्या तेलसम्राट घराण्याची मालिका 1978 साली सुरू झाली आणि जगभर पाहिली गेली. मे 1985 मध्ये तिचा लाडका नायक बॉबी यूइंग मोटारीखाली येऊन मेला. पुढे एकतीस भाग त्याच्याविना चालले. पूर्वीची बायको पॅम रडली, सावरली, तिने दुसरे लग्नही केले. प्रेक्षकही तिच्यासोबत रडले. मालिका मात्र घसरली. मग भूमिका सोडून गेलेल्या पॅट्रिक डफी या नटाला परत बोलावण्यात आले. 16 मे 1986 च्या भागात पॅम सकाळी जागी होते, न्हाणीघराचे दार उघडते, तर शॉवरखाली बॉबी उभा. वर्षभर घडले ते सारे पॅमचे स्वप्न होते, हा खुलासा सप्टेंबरमध्ये झाला. मेलेला मिहीर 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मध्ये परत आला तेव्हा आपल्याकडेही घराघरांत चर्चा झाली होती. पण तिथे निदान मधले दिवस कुणी पुसून टाकले नव्हते.

या न्हाणीघराची सय 'फॅमिली गाय' या व्यंगचित्र मालिकेने 26 डिसेंबर 1999 रोजी काढली. दोन हजार साल उजाडताना संगणक बंद पडतील, ही धास्ती तेव्हा सगळ्यांनाच होती. 'डा बूम' नावाच्या भागात ती खरी ठरते. जग उद्ध्वस्त होते, ग्रिफिन कुटुंब अन्नाच्या शोधात पायी निघते, नवे गाव वसवते आणि तेही गमावते. आणि शेवटी चित्रे थांबून खरी माणसे दिसतात. तीच पॅम, तोच बॉबी, तेच मूळ नट. 'फॅमिली गाय'चा फार विचित्र भाग स्वप्नात पाहिला, असे पॅम सांगते. बॉबी विचारतो, हे 'फॅमिली गाय' काय असते? दोघे गप्प होऊन कॅमेऱ्याकडे बघत राहतात. एका स्वप्नाने एक वर्ष पुसले होते. इथे अख्खी मालिकाच पुसली जाते आणि पुसणारी बाईसुद्धा दुसऱ्या मालिकेतली.

जग स्वप्नवत आहे, हे या किनाऱ्याला कुणी नव्याने सांगायला नको. रेवदंड्याहून चालणाऱ्या श्रीबैठकांत आठवड्याच्या आठवड्याला दासबोधाचे निरूपण ऐकणाऱ्या माणसाच्या ते कानावरून गेलेले असते. दुखणे असे की "सगळं स्वप्नच आहे" हे वाक्य बहुतेकदा देणे टाळण्यासाठी वापरले जाते. दासबोधात तर संसार स्वप्नासारखा म्हणणारे समर्थ रामदासच प्रपंच नेटका करायला बजावतात.

शंकराचार्यांनी हा गुंता फार बारकाईने सोडवला आहे. त्यांचे परमगुरू गौडपाद जागृतीतल्या वस्तूंना स्वप्नातल्या वस्तूंच्या पंक्तीला बसवतात. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायावर भाष्य करताना मात्र आचार्य म्हणतात, दोन्ही सारखी नाहीत. स्वप्न जागे होताच बाधित होते, जागृतीतले खांब-भिंती तशा होत नाहीत. त्याच अध्यायात आधी त्यांनी दिलेला दाखला विलक्षण आहे. स्वप्नात कुणाला साप चावला, कुणी पाण्यात स्नान केले. दंश खोटा, स्नानही खोटे. पण त्याला जो अनुभव आला, त्याचे ज्ञान झाले, ते जागे झाल्यावरही खोटे ठरत नाही. ते स्वप्न मला पडले, हे खरेच राहते.

हे वाचताना बॉबीचे न्हाणीघर आठवल्याशिवाय राहत नाही. 'डॅलस'च्या प्रेक्षकांना आपली फसवणूक झाली असे वाटले, ते योग्यच होते. बॉबीचे मरण रद्द करता आले. वर्षभराचे रडणे रद्द करता येत नव्हते.

मराठी संतचरित्रांत तर स्वप्न कामाला लावते. माघ शुद्ध दशमीला बाबाजी चैतन्यांनी तुकोबांना गुरुमंत्र दिला तो स्वप्नात. नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि अभंग रचायची आज्ञा झाली, तीही स्वप्नात. अजानवृक्षाची मुळी आपल्या कंठाला लागली आहे, असे ज्ञानदेवांनी एकनाथांना स्वप्नात सांगितले. नाथ पैठणहून उठून आळंदीला गेले, मुळी दूर केली आणि शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. आज घराघरांत वाचली जाणारी पोथी त्या शोधनाची ऋणी आहे.

याच किनाऱ्यावरच्या बेने इस्राएल समाजाचे पूर्वज नवगावजवळ जहाज फुटून आले, असे ते सांगतात. एकोणिसाव्या शतकात त्यांनी कीर्तनाचा साज उचलला आणि बायबलमधल्या कथा मराठीत गायल्या. त्यांच्या योसेफाने मिसरच्या राजाच्या स्वप्नातल्या सात पुष्ट आणि सात रोड गाई ऐकल्या आणि सात वर्षे धान्याची कोठारे भरून घेतली. स्वप्नावर इतकी मेहनत!

मार्कंडेय पुराणात हरिश्चंद्र राज्य देतो ते जागेपणी. स्वप्नाची भर पुढच्या कथनांत पडली, आणि ज्यांनी ती घातली त्यांची समज मोठी होती. जागेपणी दिलेला शब्द पाळायला साक्षीदार असतात, लाज असते. स्वप्नातल्या दानाला राजाखेरीज साक्षी कोण?

मग आख्यान संपल्यावर, प्रसाद हातावर घेताना, त्या पोराने आणखी एक विचारावे: तो स्वप्नातला ब्राह्मण, म्हणजे विश्वामित्र, सकाळी दारात आलाच नसता तर? भारतेंदु हरिश्चंद्रांच्या 'सत्य हरिश्चंद्र' या हिंदी नाटकात याचे उत्तर आहे. स्वप्नातल्या ब्राह्मणाचे नाव-गोत्र राजाला माहीत नसते. तो अजून आलेला नाही. राजा दवंडी पिटवायला सांगतो की हे राज्य त्या अज्ञात ब्राह्मणाचे आहे आणि तो येईपर्यंत हरिश्चंद्र त्याचा सेवक म्हणून कारभार बघेल.