जबाबदारीचा विमा

पैसे भरून जबाबदारी दुसऱ्याकडे सोंपवितां येते काय, हा प्रश्न मीं वर्गांत पुष्कळ वेळां विचारला आहे. पण त्याचें खरें स्वरूप ध्यानांत आलें तें इंग्लंडांत संगणकाचीं कामें करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या पत्रामुळें. "मी ज्या पेढींत रोज बसतों ती माझी मालक नव्हे, आणि जी मालक आहे तिचें दार मीं पाहिलेलें नाहीं", असें तो लिहितो.

तिकडे या मालकास 'अम्ब्रेला कंपनी', म्हणजे छत्री-कंपनी, म्हणतात. पेढी एजन्सीकडे माणूस मागते. तो माणूस छत्री-कंपनीचा नोकर होतो, आणि एजन्सीकडून आलेल्या रकमेंतून कर कापून कंपनी त्याला वेतन देते. कंत्राटदारांवरील कराचे नियम 2000 सालीं व पुन्हां 2021 सालीं कडक झाले, तेव्हां स्वतःची लहानशी कंपनी मोडून अनेकजण या छत्रीखालीं आले.

कायद्यानें मालक ती असल्यामुळें, 1969 च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणें नोकरास होणाऱ्या इजेबद्दल निदान 50 लक्ष पौंडांचा विमा तिनें उतरलाच पाहिजे. नोकराच्या चुकीनें इतरांचें नुकसान झाल्यास त्याचाहि विमा बहुधा तीच उतरते. मौज अशी कीं, मालकानें भरावयाचा राष्ट्रीय विम्याचा हिस्सा आणि कंपनीचा स्वतःचा मोबदला हे दोन्ही त्या ठरलेल्या रकमेंतूनच निघतात. छत्री धरणारा हात दुसऱ्याचा. कापड मात्र खालीं उभ्या असलेल्याच्याच पैशाचें!

यांत अन्यायच आहे असें मी म्हणणार नाहीं. जखमी माणसाला भरपाई मिळावी आणि देणारा दिवाळखोर निघूं नये, एवढें विम्यानें साधतें, व तें थोडें नव्हे. माझा आक्षेप निराळा आहे. बांधकामावरचे लोकहि याच छत्रीखालीं असतात. तेथें शिडी डळमळीत आहे हें ज्याला दिसतें तो हप्ता भरीत नाहीं. जो हप्ता भरतो त्याला शिडी दिसत नाहीं. जागेवरच्या धन्याला सुरक्षिततेच्या कर्तव्यांतून 1974 चा कायदा सोडीत नाहीं, हें खरें. परंतु कायद्यानें न सोडलेलें कर्तव्य 'विमा आहे ना!' एवढ्या उद्गारानें मनांतून सुटतें.

आणि नोकराचें काय? 1957 सालच्या लिस्टर खटल्यांत एका लॉरी-चालकानें गाडी मागें घेतांना त्याच मालकाकडे काम करणाऱ्या स्वतःच्या बापालाच जखमी केलें होतें. विमा-कंपनीनें बापाला भरपाई दिली आणि मग मालकाच्या नांवानें मुलाकडून तीच रक्कम मागितली. हाउस ऑफ लॉर्ड्सनें तीन विरुद्ध दोन मतांनीं मुलाविरुद्ध निकाल दिला. काळजीपूर्वक काम करण्याचें नोकराचें बंधन मालकाच्या विम्यानें पुसलें जात नाहीं, हें त्याचें तत्त्व. निकाल इतका खुपला कीं, संगनमत वा जाणूनबुजून केलेलें दुर्वर्तन नसेल तर असे दावे लावावयाचे नाहींत, असें विमा-कंपन्यांनींच पुढें ठरविलें. तें बरेंच झालें. तरीहि तें तत्त्व मला टाकवत नाहीं. 'विमा होता' एवढ्यानें त्या मुलाला रात्रीं झोंप लागली असेल काय?

वेगळा विमा घेऊं काय, असें विद्यार्थ्यानें विचारलें होतें. मीं लिहिलें, "कंपनीकडून विमापत्राची प्रत मागून घे, आणि तुझें काम त्यांत बसतें काय तें पाहा. शिवाय पेढींत कांहीं धोक्याचें दिसल्यास कोणाला सांगावयाचें, तेंहि विचारून ठेव." विमापत्र दोन दिवसांत आलें. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर त्याला अद्याप मिळालेलें नाहीं.