साखरेचा हिशेब

न्यू जर्सीत मेहुण्याने घरी बिअर केली. "भाऊजी बँकेतले, साखर तेच मोजतील!" बाटल्या भरताना लिटरला ६-७ ग्रॅम पुरते, मी दुप्पट घातली. बंद बाटलीत यीस्ट साखर खातं, पण गॅसला वाट नसते. (आमच्या हेडक्लार्कचंही तेच.) तळघरात एक बाटली फुटली. उरलेल्या टॉवेलात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवल्या. गार झाल्या की बूच किंचित उचकटून गॅस सोडायचा.

पण दोन बाटल्या शेजारच्या आजोबांना भेट दिलेल्या! "रात्रीचे अकरा वाजलेत, सकाळी सांगू," मेहुणा म्हणाला. मलाही तेच हवं होतं. काउंटरवर शंभर रुपये जास्त गेले, तर आम्ही त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाचं दार ठोठावतो. पण तिथे पैसे आमचे असतात. इथे डोळे त्यांचे होते.

चपला घातल्या. आजोबांनी दार उघडलं, ते हातात ओपनर घेऊनच.