कुंपणातला वामनवृक्ष

कुंपणाच्या झुडपाकडून माणूस एकाच गुणाची अपेक्षा करतो, ते कितीही वेळा कापले तरी पुन्हा फुटावे. फळ, सावली, सुगंध यांपैकी काहीही त्याच्याकडून मागितले जात नाही. महिन्या-दोन महिन्यांनी माळी मोठी कात्री घेऊन येतो, दोरी धरून वरचा भाग सपाट करतो आणि कापलेला पाला झाडून नेला जातो. युरोपात आणि जपानात हे काम पिढ्यानपिढ्या प्रिव्हेट या झुडपाने केले, आणि कापणे सोसण्याच्या त्याच गुणामुळे ते बोन्सायकारांच्याही हाती पडले. बोन्साय या जपानी शब्दात ‘बोन’ म्हणजे उथळ थाळी आणि ‘साय’ म्हणजे लावलेले रोप. मराठीत या कलेसाठी ‘वामनवृक्ष’ हा शब्द रूढ आहे, आणि पुराणातल्या वामनाची गोष्ट ठाऊक असलेल्या समाजाने हा शब्द निवडताना लहान देहात काय मावू शकते याची जाणीव ठेवली होती, असे मानायला हरकत नाही. इंग्लंडमधले हौशी बोन्सायकार जुनी कुंपणे उखडली जात असताना तिथले जाड बुंधे मागून आणतात, कारण वर्षानुवर्षे कापले गेल्याने त्या बुंध्यांना जो घेर आणि जी गाठाळ वळणे येतात, ती रोपवाटिकेतल्या रोपाला मिळायला माणसाचे अर्धे आयुष्य लागते.

वनस्पतिशास्त्रात प्रिव्हेट म्हणजे ‘लिगस्ट्रम’ ही प्रजाती होय. तिचे कुल पारिजातक, जाई, जुई आणि मोगरा यांचे, म्हणजे मराठी अंगणाला अगदी जवळचे असले, तरी तिच्या बागायती जाती चीन, जपान आणि युरोपातल्या समशीतोष्ण ऋतुचक्रात रुळलेल्या आहेत. सह्याद्रीच्या उंच, गार माथ्यावर लिगस्ट्रमची एक रानटी जात आढळते, परंतु ती घाटमाथ्याची रहिवासी आहे. उल्हास नदीच्या खोऱ्यात, म्हणजे अंबरनाथ-बदलापूरच्या बाजूला, उतरणे तिच्या स्वभावात नाही. तरीही प्रिव्हेट हे नाव या खोऱ्यात फार पूर्वीच पोहोचलेले आहे. इंग्रजी बोलणाऱ्या उद्यानतज्ज्ञांनी पूर्वेकडच्या ज्या झुडपांत आपल्या कुंपणाचा गुण पाहिला, त्यांना त्यांनी तेच नाव दिले. हातावर रंगणाऱ्या मेंदीला ते इजिप्तचे प्रिव्हेट म्हणू लागले, आणि भारताचे प्रिव्हेट हे नाव एकीकडे निर्गुडीला तर दुसरीकडे वनजाईला मिळाले. वनजाईलाच मराठीत कोयनेल म्हणतात. क्विनाइन या हिवतापावरच्या औषधाचा मराठी तोंडात झालेला हा उच्चार तिच्या कडू पाल्यामुळे तिला चिकटला. शास्त्रज्ञांनी मेंदी आणि वनजाई या दोघींच्या नावांत निष्कंटक या अर्थाचा लॅटिन शब्द घातला, पण मेंदीची जुनी फांदी हाताला टोचते, हे तिची छाटणी करणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही.

म्हणून अंबरनाथच्या आनंदनगरमध्ये, उल्हासनगरच्या एखाद्या कॅम्पात किंवा बदलापूरच्या नव्या वसाहतीत राहणाऱ्या माणसाला प्रिव्हेटचे बोन्साय करायचे असेल, तर त्याने परदेशी रोप मागवण्याआधी इमारतीच्या कुंपणातल्या मेंदी-कोयनेलकडे पाहावे, हे या लेखाचे मुख्य म्हणणे आहे. ही शिफारस स्वदेशीच्या अभिमानातून आलेली नाही; तिच्यामागे हवामानाचे साधे गणित आहे. या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि हिवाळा मुंबईपेक्षा गार असला तरी थंड प्रदेशातल्या झुडपाला विश्रांती द्यावी इतका तो टिकत नाही. अशा ठिकाणी थंडीला सरावलेल्या झुडपाने तग धरला, तरी त्याचा जोम टिकवण्यासाठी सतत झगडावे लागते. उलट वनजाई ही मुळात खाडीकाठची वनस्पती आहे. खारे वारे, पाणथळ जमीन आणि रखरखीत ऊन यांत ती वाढते. निर्गुडी नदी-ओढ्यांच्या काठाने उभी असते आणि तिचा पाला दुखरे सांधे शेकण्यासाठी आजही कोकणात आवर्जून आणला जातो. कर्जतकडून बदलापूरमार्गे वाहत येऊन वसईच्या खाडीला मिळणाऱ्या उल्हासचा प्रवास मनात आणला, तर निर्गुडीची जागा वरच्या गोड्या पाण्याच्या काठी आणि वनजाईची खालच्या खाऱ्या पाण्याच्या काठी दिसते.

मेंदी, निर्गुडी, वनजाई आणि खरे प्रिव्हेट या सगळ्यांचे कूळ एक नसूनही त्यांच्यात एक साम्य आहे, आणि बोन्साय घडवणाऱ्याला तेच सर्वांत महत्त्वाचे ठरते. या चारही झुडपांची पाने समोरासमोर येतात. फांदीवरच्या प्रत्येक पेरावर पानांची एक जोडी असते, प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा, म्हणजे निद्रिस्त कळी असते, आणि शेंडा कापला की कापलेल्या जागेखालच्या पेरावरचे दोन्ही डोळे एकाच वेळी जागे होतात. डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन कोवळे, किंचित लवदार धुमारे बाहेर येतात, पहिल्या आठवड्यात त्यांची लांबी जवळजवळ सारखी असते, आणि दोघांनाही तसेच वाढू दिले तर फांदीला गलोलीसारखा आकार येतो. कुंपणाला हा आकार हवाच असतो, कारण दोनाचे चार आणि चाराचे आठ होत गेल्यानेच त्याची भिंत दाट होते. बोन्साय करणाऱ्याला मात्र इथे थांबून निवड करावी लागते. तो दोन धुमाऱ्यांपैकी एक नखाने खुडतो आणि दुसऱ्याला वाढू देतो. त्याला पाच-सहा पाने आली की पुन्हा दोन पानांवर छाटतो. पुढच्या पेरावर आधीच्या विरुद्ध दिशेचा डोळा राखतो. अशा दहा-बारा निवडींनंतर फांदी जुन्या झाडाच्या फांदीसारखी वळणे घेत जाते, आणि त्या वळणांत तारेचा एकही व्रण नसतो. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातल्या, वामनवृक्ष घडवणाऱ्या लिंगनान शाखेने छाटायचे आणि वाढू द्यायचे ही रीत पद्धत म्हणून प्रस्थापित केली. पानांच्या जोड्या असणाऱ्या आणि लवकर फुटणाऱ्या झुडपांना तिच्याइतकी मानवणारी दुसरी रीत नाही.

जपानी परंपरेत फांदीला तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार सर्पिल गुंडाळून वळण देतात, आणि वनजाईची कोवळी फांदी त्याला अनुकूलही असते. परंतु पावसाळ्यात इथली वाढ इतकी झपाट्याने होते की जूनमध्ये सैल वाटलेली तार काही आठवड्यांतच सालीत रुतू लागते. म्हणून तार लावायचीच असेल तर ती पावसाळा सरल्यावर लावावी आणि दर आठवड्याला बोट फिरवून तपासावी.

कुंडीच्या बाबतीत सर्वसाधारण समज असा असतो की झाड लहान राहावे म्हणून त्याला कमी माती आणि कमी पाणी द्यायचे असते, आणि या समजापायी पहिल्याच उन्हाळ्यात कितीतरी बोन्साय मरतात. झाड लहान राहते ते छाटणीमुळे. उपासमार त्याला फक्त मारते. उथळ कुंडीची खोली ठरवताना बुंध्याची तळाशी असलेली जाडी हे प्रमाण धरतात, आणि इतक्या थोड्या मातीत मुळांना एकाच वेळी पाणी व हवा दोन्ही मिळावीत म्हणून मिश्रण भरड ठेवावे लागते. चाळून धूळ काढलेला विटांचा चुरा, बारीक खडी आणि थोडे कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत यांचे मिश्रण इथे चांगले चालते. नुसती काळी किंवा लाल माती मुसळधार पावसात चिखल होऊन बसते. एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा पाणी घालावे लागते, आणि पावसाची झड लागली की कुंडीच्या एका बाजूखाली लाकडाचा तुकडा सरकवून तिला तिरके ठेवावे, म्हणजे साचलेले पाणी निचऱ्याच्या भोकातून निघून जाते. उन्हाळ्यात पानांच्या बेचक्यांत पांढरा पिठ्या ढेकूण दिसू लागला, तर ओल्या फडक्याने पुसून निंबोळी अर्काची फवारणी करावी. दोन वर्षांतून एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर, झाड कुंडीबाहेर काढून मुळांचा साधारण एक तृतीयांश भाग कापतात आणि ताज्या मिश्रणात पुन्हा लावतात, कारण कापलेल्या मुळाच्या टोकाशी बारीक नवी मुळे फुटतात आणि झाडाचे पोषण प्रामुख्याने त्यांच्यातूनच होते.

मराठीत बोन्साय हा शब्द अनेकदा निंदेसाठी वापरला जातो. ज्याची वाढ कुणी मुद्दाम खुंटवली त्या मुलाचा, संस्थेचा किंवा भाषेचा ‘बोन्साय झाला’ असे लिहिले जाते, आणि काही घरांत हे झाड वाढ रोखते म्हणून अशुभही मानतात. या आक्षेपामागे जिवंत वस्तूविषयीची कळकळ आहे, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही. परंतु ज्या माणसाला कुंडीतली छाटलेली वनजाई पाहून वाईट वाटते, तो रोज त्याच वनजाईच्या सपाट कापलेल्या कुंपणाजवळून जातो आणि त्याला काहीच खटकत नाही, ही विसंगती नजरेआड करण्याजोगी नाही. कुंपणातल्या झुडपाची पाने कुणी मोजत नाही, त्यातले एखादे मेले तरी ते शेजारच्या फांद्यांनी झाकले जाईपर्यंत कुणाला कळत नाही, आणि त्याला फुलू दिले जात नाही, कारण फुले येण्याआधीच कात्री येते. कुंडीतल्या झाडाच्या वाट्याला छाटणी येते ती प्रत्येक पेर पाहून. त्याची माती बदलली जाते, कीड बोटांनी पुसली जाते, आणि वर्षातून काही महिने त्याला मोकळे सोडले की वनजाईची पांढरी फुले, त्यांतून बाहेर डोकावणाऱ्या लांब, गुलाबी-जांभळट पुंकेसरांसह, त्याच्यावर येतात. क्रौर्य कापण्यात असते तर कुंपण अधिक क्रूर ठरले असते. क्रौर्य असते ते न पाहता कापण्यात, आणि हा फरक मान्य केला तर वाढ खुंटवण्याचे प्रतीक म्हणून बोन्सायचा दाखला देणे अन्यायाचे ठरते. ज्या मुलाच्या प्रत्येक धुमाऱ्याकडे कुणी इतक्या निगुतीने पाहिले असेल, त्याची वाढ खुंटली असे सहसा म्हणता येणार नाही.

या परिसरात सध्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची कामे सुरू आहेत, आवारांत फरशा बसवल्या जात आहेत, वाहनांसाठी जागा मोकळी केली जात आहे, आणि त्यात सर्वांत आधी जातात ती कुंपणे. वीस-तीस वर्षे कापली गेलेली मेंदी किंवा कोयनेल कचऱ्याच्या गाडीत टाकली जाते, तेव्हा तिच्याबरोबर मनगटाएवढे जाड, गाठाळ बुंधे जातात आणि त्यांची किंमत कुणालाच ठाऊक नसते. वाचकांपैकी ज्यांच्या इमारतीचे कुंपण काढले जाणार असेल, त्यांनी सोसायटीच्या संमतीने त्यातले एक तरी झुडूप वाचवावे. खाडीकाठची किंवा नदीकाठची झाडे मात्र उपटू नयेत. ती आपापल्या जागी काठ धरून आहेत. कुंपणातला बुंधा जूनच्या पहिल्या सरींनंतर, जमिनीपासून वीतभर उंचीवर कापून, मुळांभोवतीच्या मातीसह काढावा, खोल कुंडीत भरड मिश्रणात घट्ट बसवावा आणि सावलीत ठेवावा. पहिले वर्षभर त्याची छाटणी करू नये, आणि उथळ थाळीत तो दुसऱ्या पावसाळ्याआधी हलवू नये.