आदेशात न बसलेली मुलं

छत्रपती संभाजीनगरच्या पडेगावात राहणाऱ्याला पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पोरांची सवय असते. छावणी शेजारीच आहे. त्यामुळे इथल्या आणि मिटमिट्याच्या कितीतरी घरांत बारावीनंतरचा पहिला विचार लष्कराच्या भरतीचा असतो. ते नाही जमलं तर पोलीस. मार्च २०२०च्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि रस्ता सामसूम झाला. आमच्या शेजारचा भरतीची तयारी करणारा मुलगा गच्चीवर धावू लागला. गच्ची ती केवढी! पंधरा-वीस पावलं टाकली की कठडा, वळायचं, की पुन्हा कठडा. पोलीस भरतीत सोळाशे मीटर धावावे लागतात, पूर्ण गुण हवे असतील तर पाच मिनिटं दहा सेकंदांत. दर वीस पावलांवर वळणाऱ्याला वेग सापडत नाही, गुडघे मात्र दुखू लागतात. त्याचे लागले. गोळाफेकीचा सव्वासात किलोचा गोळा जिन्याखाली पडून राहिला.

शरीराने कमवायची विद्या घरात आणता येत नाही. कचेरी घरी आली, शाळा मोबाईलवर आली, कीर्तनंसुद्धा यूट्यूबवर आली. पाणी, बर्फ, तालमीतली तांबडी माती यांतलं काही आलं नाही.

कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं उदाहरण आठवा. सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिकला गेलेला, २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लायचं कांस्य मिळवून जलतरणातला भारताचा चोवीस वर्षांचा दुष्काळ संपवणारा हा जलतरणपटू. पुढे तो राज्य सरकारच्या सेवेत तहसीलदार झाला आणि तरीही पोहत राहिला. जून २०२० मध्ये त्याने जाहीरपणे लिहिलं की, तलाव उघडण्याबद्दल कुणी काही बोलत नाही, आता निवृत्तीचाच विचार करावा लागेल. त्याचा रोष मला रास्त वाटतो. इतर खेळांची मैदानं हळूहळू उघडत होती आणि पोहणारे तीन महिने पाण्याबाहेर होते. पाण्यावरची पकड तळहाताला कळते, आणि ती काही आठवड्यांत सुटू लागते. ऑगस्टमध्ये त्याला श्रीहरी नटराज आणि कुशाग्र रावत यांच्यासोबत सरावासाठी दुबईला पाठवावं लागलं. आपल्याच देशात पाणी मिळेना, म्हणून पोहायला परदेशी!

त्याच काळात जपानमध्ये युझुरु हान्यू जवळपास याच अवस्थेतून जात होता. फिगर स्केटिंगमध्ये २०१४ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं मिळवलेला, पण लहानपणापासून दम्याचा रुग्ण. मार्च २०२०ची माँट्रियलची जागतिक स्पर्धा रद्द झाली. त्याचे प्रशिक्षक कॅनडात आणि तो आपल्या गावी, सेंदाईला. त्याने त्या मोसमातल्या ग्रां प्री स्पर्धा सोडल्या आणि प्रशिक्षकाविना एकट्याने सराव केला. नंतर त्याने मोकळेपणाने सांगितलं की मन पार तळाला गेलं होतं, ज्या उड्या हातचा मळ होत्या त्याही जमेनाशा झाल्या होत्या. स्वतःचे जुने कार्यक्रम पुन्हा करता करता तो सावरला. डिसेंबरमध्ये नागानोला तो राष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि जिंकला. प्रेक्षकांना ओरडायला मनाई होती. ते टाळ्या वाजवत होते, फलक उंचावत होते.

जपानमध्ये ७ एप्रिल २०२०ला सात प्रांतांत आणि १६ एप्रिलला देशभर आणीबाणी जाहीर झाली, पण घराबाहेर पडणाऱ्याला दंड करण्याचा अधिकार सरकारकडे नव्हता. विनंती करायची आणि लोकांनी पाळायची, असा कारभार. आपल्याकडे याचं फार कौतुक झालं. ते अर्धंच खरं आहे. कायद्याचं काम तिथे शेजाऱ्यांच्या नजरेने केलं. उघड्या दुकानांवर निनावी चिठ्ठ्या चिकटवल्या गेल्या, बाहेरच्या प्रांताची नंबरप्लेट असलेल्या गाड्यांची नासधूस झाली. त्या वर्षी जपानमध्ये आत्महत्या वाढल्या, विशेषतः स्त्रियांच्या. शिस्तीची किंमत कुणीतरी मोजतच असतं.

आपल्याकडे विनंतीचा प्रश्न नव्हता. २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा होता आणि प्लेगच्या साथीत इंग्रजांनी केलेला १८९७चा साथरोग कायदा होता. त्या वर्षी पुण्यात घराघरांत शिरून झालेल्या तपासण्या आणि त्यातून झालेला प्लेग अधिकारी रँडचा वध महाराष्ट्र विसरलेला नाही. तेव्हाच्या औरंगाबादेत जून २०२० मध्ये पहाटे पाच ते संध्याकाळी सात मोकळ्या जागी व्यायामाची मुभा मिळाली, आणि १० ते १८ जुलै शहर पुन्हा कडकडीत बंद झालं. साथ खरी होती, माणसं मरत होती, घाटी रुग्णालयात खाटा मिळत नव्हत्या. बंदी नको होती असं मी म्हणत नाही.

माझं म्हणणं त्या आदेशांतल्या एका ओळीपुरतं आहे. दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला, राज्यातल्या व्यायामशाळा उघडल्या. ५ नोव्हेंबरपासून तलाव उघडले, पण राज्य, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूंच्या सरावासाठी. म्हणजे जो खेळाडू झाला होता, त्याच्यासाठी. जो होऊ पाहत होता, त्याला कुठल्या रकान्यात बसवायचं? सिद्धार्थ उद्यानातल्या तलावात त्या उन्हाळ्यात हातपाय मारायला शिकली असती अशी दहा-बारा वर्षांची मुलं कुठल्याच पातळीवरची नव्हती. वीरधवलही कधीकाळी कोल्हापुरात तसाच पाण्यात उतरला असणार. खाडे आणि हान्यू यांचं दुःख मोठं होतं, पण त्यांना नाव होतं. ते बोलले की बातमी होत होती.

भरतीच्या मुलांकडे तर खेळाडू म्हणून कुणी पाहतच नाही. वास्तविक त्यांचं सगळं आयुष्य सेकंदांवर आणि सेंटिमीटरवर टांगलेलं असतं. त्यात वयाची अट. सैन्यात शिपायाला तेव्हा साडेसतरा ते एकवीस, पोलिसांत खुल्या प्रवर्गाला अठ्ठावीस. दोन वर्षं सैन्याची भरती झाली नाही. २०१९ला निघालेल्या पोलीस भरतीच्या परीक्षा २०२१ मध्ये झाल्या. टाळेबंदीच्या काळात बँकांनी कर्जाचे हप्ते पुढे ढकलले, परवान्यांच्या मुदती वाढल्या. मुलांचं वय मात्र रोज वाढत राहिलं आणि त्याची नोंद कुणी घेतली नाही. जून २०२२ मध्ये सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली, तेव्हा त्या एका वर्षापुरती मर्यादा तेवीस केली, तीही देशभर आंदोलनं पेटल्यावर. पोलीस भरतीतही वय ओलांडलेल्यांना एकदा सवलत मिळाली. पण तोवर अनेकांनी वाळूजच्या कंपन्यांत कंत्राटी काम धरलं होतं. बारा तास यंत्रापाशी उभं राहिलेले पाय सोळाशे मीटरला पुन्हा उभे राहत नाहीत.

पुढची साथ येईल तेव्हा वयाची मुदतवाढ बंदीच्या आदेशातच, त्याच दिवशी लिहिलेली असावी, आणि एकट्याने मोकळ्यावर सराव करायची परवानगी प्रमाणपत्र न मागता द्यावी. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलाचं मैदान त्या काळात रिकामं होतं. नाव नोंदवून, अंतर राखून तासाला आठ-दहा मुलं तिथे धावली असती, तर साथीला त्याने काहीही बळ मिळालं नसतं.